बार्लीवाइन कफ सिरपसारखी का लागली?

दादरच्या एका वाचकाने विचारलं आहे: लोअर परळच्या एका टॅपरूममध्ये, म्हणजे नळावरून ताजी बिअर देणाऱ्या बारमध्ये, ८ टक्क्यांची ‘बार्लीवाइन’ घेतली. थंडगार होती, तरी दोन घोटांत तोंड चिकट झालं, कफ सिरप प्यायल्यासारखं वाटलं. मेव्हण्याने लंडनहून आणलेल्या इंग्लिश बार्लीवाइनच्या दोन बाटल्या घरी माळ्यावर दोन वर्षं पडून होत्या. ‘ही बिअर जितकी जुनी तितकी चांगली’ असं ऐकल्यामुळे ठेवल्या होत्या. त्यातली एक उघडली, तर तीही गोड, आणि वर ओल्या पुठ्ठ्याचा वास. बिअर बिघडली आहे की आपल्याला ती कळत नाही? आणि उरलेल्या बाटलीचं काय करायचं?

तुमची जीभ ठीक आहे. दोन्ही बिअर गोड लागल्या, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. आणि त्या दोन्ही कारणांत मुंबईचा हात आहे, एका ठिकाणी कायद्याचा आणि दुसऱ्या ठिकाणी हवेचा.

आधी टॅपरूममधल्या ग्लासबद्दल. बार्लीवाइनमध्ये द्राक्षं नसतात, ती पूर्णपणे बार्लीच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची बिअर आहे. साध्या बिअरला लागतं त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त माल्ट वापरायचं, त्यातून निघणारा पहिला, घट्ट रस घ्यायचा आणि तो दोन-तीन तास उकळायचा. उकळल्यावर रस आणखी आटतो आणि साखर-प्रथिनांच्या प्रक्रियेतून रंग आणि खमंगपणा येतो. मग यीस्ट, साखर खाऊन तिचं अल्कोहोल करणारं. अल्कोहोल ८ ते १२ टक्के, हा या प्रकाराचा सर्वमान्य पट्टा. आपल्याकडे मात्र अन्नसुरक्षा नियमांनुसार बिअरमध्ये ८ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. म्हणजे जिथे बार्लीवाइन सुरू होते तिथेच आपला कायदा संपतो.

आता मुंबईतल्या ब्रूअरपुढचा, म्हणजे बिअर बनवणाऱ्यापुढचा पेच बघा. पाण्याची घनता १.००० धरली तर चांगल्या इंग्लिश बार्लीवाइनचा रस सुरुवातीला १.१०० च्या आसपास असतो. यीस्ट त्यातली साखर खात खात तो १.०२५ पर्यंत आणतं. या दोन आकड्यांतल्या फरकावरून अल्कोहोल काढलं तर ते जवळजवळ १० टक्के येतं. ब्रूअरला ८ च्या आत राहायचं आहे, पण ग्लासात ते जाड, भरलेलं अंगही, म्हणजे तोंडात जाणवणारा घट्टपणाही हवा आहे. मग तो १.०८५ ला सुरुवात करतो आणि १.०२५ ला थांबवतो. अल्कोहोल भरतं ७.९, कागदावर सगळं नियमात. पण शिल्लक साखर १० टक्क्यांच्या बिअरइतकी आणि तिला तोलून धरणारं अल्कोहोल मात्र दोन टक्के कमी. पाक झाला. हाच माणूस १.०७६ ला सुरुवात करून १.०१६ पर्यंत उतरला असता तरी अल्कोहोल तेवढंच, ७.९ टक्के भरलं असतं, आणि तुम्ही दुसरा ग्लास मागवला असता.

हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही, तुमच्या प्रश्नातच पुरावा आहे. थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी कळतो. फ्रीजमधलं आइसक्रीम वितळलं की किती गोड लागतं ते आठवा. बर्फाळ थंड असतानाही जी बिअर चिकट लागते ती कोमट झाल्यावर पिववणार नाही. तेव्हा तिथला दोष बनवण्यातलाच. यीस्ट अर्धवट काम करून थकलं असेल किंवा हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, हात राखून टाकले असतील. इंग्लिश बार्लीवाइनमध्ये कडवटपणाचा आकडा ३५ ते ७० असतो, अमेरिकन पद्धतीत ५० ते १००. साध्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या हलक्या बिअरमध्ये, तो वीसच्या आसपास किंवा त्याखाली असतो. गव्हाची बिअर पिणाऱ्या गिऱ्हाइकाला कडू नको म्हणून बार्लीवाइनमधले हॉप्स कमी करणारे ब्रूअर आहेत, आणि ती मला शुद्ध लबाडी वाटते. गिऱ्हाइकाला गोडच हवं असेल तर त्याला सफरचंदाचं सायडर द्या.

ब्रूअरच्या बाजूने एवढं सांगायला हवं की ही बिअर करणं मुंबईत आतबट्ट्याचा धंदा आहे. गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत टाकीतून नळावर येते. बार्लीवाइन तीच टाकी महिनोन्महिने अडवून बसते, माल्ट दुप्पट खाते, आणि विकली जाते छोट्या ग्लासात. लोअर परळच्या भाड्यात टाकी अडवणं कुणाला परवडतं? म्हणून ती घाईने काढतात. घाईने काढलेली बार्लीवाइन सुट्या सुट्या तुकड्यांत लागते: इथे गोड, तिथे कडू, आणि वर अल्कोहोल. ते एकजीव व्हायला वेळच लागतो, दुसरा उपाय नाही.

आता बाटली. ‘जुनी तितकी चांगली’ हे अर्धसत्य आहे आणि त्याने मुंबईत पुष्कळ चांगल्या बाटल्या मारल्या आहेत. इंग्लंडमधल्या फुलर्सची व्हिंटेज एल, १९९७ पासून दरवर्षी निघणारी आणि ८.५ टक्क्यांची, किंवा मँचेस्टरकडच्या जे. डब्ल्यू. लीस यांची हार्वेस्ट एल, १९८६ पासूनची आणि ११.५ टक्क्यांची, या बिअर वर्षानुवर्षं ठेवून पितात हे खरं. पण ठेवतात कुठे? तळघरात, १० ते १३ अंशांत. तिथे बाटलीतला थोडासा ऑक्सिजन हळूहळू काम करतो. हॉप्सचा कडवटपणा उतरतो, सुक्या मेव्याचे वास वर येतात, शेरी वाइनची आठवण करून देणारा एक नटी स्वाद तयार होतो. तोच ऑक्सिजन ३० अंशांत कित्येक पट वेगाने काम करतो, आणि शेरी दिसायच्या आत पुठ्ठा दिसतो. मुंबईतला माळा म्हणजे घरातली सगळ्यात गरम जागा. छताला लागून, वर गच्ची असेल तर विचारायलाच नको. दोन उन्हाळे तिथे काढलेली बाटली वयाने दोन वर्षांची असली तरी ती म्हातारी झालेली असते. हॉप्स गेले, पुठ्ठा आला, आणि कडवटपणा गेल्यामुळे मागे उरलेली साखर उघडी पडली. तुमच्या बाटलीतला गोडवा त्यातून आलेला.

चव घ्यायची कशी, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग. बार्लीवाइनचा निकाल पहिल्या घोटावर लावू नका. ही बिअर ग्लासात अर्धा-पाऊण तास बदलत जाते, आणि ते बदलणं म्हणजेच तिची चव. बाकीच्या बिअर गार असताना चांगल्या लागतात आणि कोमट झाल्या की पडतात. ही उलट दिशेने जाते.

पिंटचा मग नको. ब्रँडीचा फुगीर ग्लास उत्तम, नाहीतर घरातला वाइनचा ग्लास चालतो. मुंबईतल्या कुठल्याही बऱ्या टॅपरूममध्ये मागितलात तर मिळतो. तो साबणाचा वास न येणारा असावा, आणि बर्फात ठेवलेला मुळीच नसावा. वेटर कौतुकाने धुरकट, गोठलेला ग्लास आणून ठेवतो तेव्हा नम्रपणे परत पाठवा. ओतायचं १०० मिली, तिसरा भाग ग्लास. फेस फार येणार नाही आणि टिकणारही नाही, कारण एवढं अल्कोहोल फेसाला उभं राहू देत नाही. तो दोष नव्हे. ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या रेघा पाहून काही जण माना डोलावतात. त्यातून अल्कोहोल भरपूर आहे एवढंच कळतं, आणि ते लेबलवर छापलेलंच असतं.

तापमानाचं गणित मुंबईत वेगळं मांडावं लागतं. या बिअरला १० ते १३ अंश लागतात. इंग्रजी सल्ला असतो की फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवा. इथे तो पाळलात तर बिअर कढत होईल. फ्रीजमधली ४-५ अंशांची ३३० मिलीची बाटली आपल्या ३० अंशांच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटांत बारा अंशांपर्यंत येते. पावसाळ्यात तर आणखी लवकर, कारण दमट हवेतली वाफ गार काचेवर पाणी होऊन बसते आणि बसताना आपली उष्णता बाटलीला देऊन जाते. बाटली पुसून पुसून आपण थकतो, ती मात्र तेवढ्यात तापते. म्हणून एकदम सगळी ओतू नका. १०० मिली ग्लासात, बाकी बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये परत. ग्लास १८ अंशांच्या पुढे गेला की अल्कोहोल नाकात चढायला लागतं आणि बाकी काही कळेनासं होतं. आपल्या खोलीत ती वेळ अर्ध्या तासाच्या आत येते. एसी लावला तर थोडी सवड मिळते.

नाक आधी. ग्लास न फिरवता एक छोटा वास घ्या, मग हलके फिरवून दुसरा. खोल श्वास ओढू नका, नाकाला अल्कोहोलच लागेल. घरात उदबत्ती लागलेली नको, शेजारी मोगऱ्याचा गजरा नको, आणि स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर तासभर थांबा. चांगल्या इंग्लिश बार्लीवाइनमध्ये काय शोधायचं? ब्रून पावाच्या करकरीत कडेचा भाजका वास. काकवी. खजूर, मनुका, सुकं अंजीर. कॅरमेल, पण जळलेल्याच्या अलीकडचं. थोडी वाट पाहिली तर संत्र्याच्या सालीचा मुरंबा, तो इंग्लिश हॉप्समधून येतो. अमेरिकन असेल तर हॉप्स पुढे येऊन उभे राहतात, चकोतऱ्याची साल आणि देवदाराची राळ. तिकडच्या या परंपरेची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीच्या ओल्ड फॉगहॉर्नने १९७५ मध्ये केली, आणि १९८३ पासून सिएरा नेवाडाची बिगफूट तिची सगळ्यात ठळक खूण आहे. बिगफूट ताजी असताना एवढी कडू असते की इंग्लिश बार्लीवाइन आवडणारे तिला बार्लीवाइन मानायलाच तयार नसतात. मी मानतो, पण वर्षभर फ्रीजमध्ये ठेवून.

मग घोट, लहान. तो तोंडात सगळीकडे फिरू द्या आणि गिळा. वाइनची चव घेणारे थुंकतात ते इथे उपयोगाचं नाही, कारण निम्मी गोष्ट गिळल्यानंतर घडते. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा आणि थांबा. घोटाच्या सुरुवातीला गोड येतं, ते येणारच. प्रश्न असा की पुढे काय होतं. चांगल्या बार्लीवाइनमध्ये गोडाच्या मागून कडवटपणा येतो आणि त्याला पुसून काढतो. शेवटी जीभ जवळजवळ कोरडी होते आणि मागे भाजल्याचा आणि सुक्या फळांचा वास रेंगाळतो. ओठ एकमेकांना चिकटत असतील तर कडवटपणाने आपलं काम केलेलं नाही. दोन घोटांत तुमचं तोंड चिकट झालं होतं, म्हणजे निदान तुम्ही स्वतःच केलं होतंत.

दुसरी पारख अल्कोहोलची. ऊब आणि जळजळ यांतला फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. ऊब छातीत लागते, गिळल्यानंतर दोन-तीन सेकंदांनी, आणि पसरते. जळजळ घशाच्या तोंडाशी, लगेच, आणि तिच्याबरोबर नाकात नेलपॉलिशचा किंवा थिनरचा वास असतो. तो वास आला की समजायचं, फर्मेंटेशनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत टाकी तापली. एवढी साखर खाताना यीस्ट स्वतःच भरपूर उष्णता सोडतं. मुंबईच्या हवेत थंडाव्याची यंत्रणा जरा कमी पडली की जड, उग्र अल्कोहोलं तयार होतात, आणि ती पुढे कितीही दिवस ठेवली तरी पुरती जात नाहीत. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हटलं की किक बघायची सवय आहे. त्या सवयीने जळजळीलाच लोक ‘दम आहे’ म्हणतात. बार्लीवाइनमध्ये १० टक्के असूनही ते जाणवू नये, यात तिचा दम असतो.

बाकीचे दोष पटकन. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा ठसठशीत वास म्हणजे यीस्टला शेवटची साफसफाई करू न देता बिअर थंड केली. सोया सॉससारखा खारट-मांसल वास आला तर बिअर गरमीत म्हातारी झाली किंवा मेलेल्या यीस्टवर फार दिवस बसली. व्हिनेगरचा आंबटपणा म्हणजे जिवाणू, ग्लास सरळ परत करा. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, बाटलीत मुरणाऱ्या बिअरमध्ये यीस्ट असतं. शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडा.

सोबत काय? आपला नेहमीचा चकणा इथे मारक. तिखटाने जिभेवरची जी जळजळीची यंत्रणा जागी होते तीच अल्कोहोलनेही होते, त्यामुळे मसाला शेंगदाणे किंवा चिली चिकनबरोबर सगळ्यात गुळगुळीत बार्लीवाइनही आग लावते. इंग्लंडात हिच्याबरोबर स्टिल्टन हे निळ्या बुरशीचं खारट चीज खातात आणि ती जोडी खरोखर अप्रतिम आहे: खारटपणा गोडाला कापतो, गोडवा बुरशीचा तिखटपणा मऊ करतो. मुंबईत मला सगळ्यात जास्त पटलेली जोडी पारशांच्या लगनाच्या कस्टर्डची. वरचा भाजलेला थर, जायफळ, आटलेलं दूध, आणि तेही फार गोड नसलेलं. साध्या अक्रोडानेही भागतं. चॉकलेट केक मात्र नको, दोन गोड गोष्टी एकमेकींना मारतात.

जेवणाच्या शेवटी प्या, रिकाम्या पोटी नको, आणि इतर बिअर चाखायच्या असतील तर ही सगळ्यात शेवटी. १० टक्क्यांच्या ३३० मिलीच्या बाटलीत ३३ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत ३२.५ मिली. म्हणजे ती छोटी बाटली एकट्याने संपवणं म्हणजे एक अख्खी मोठी बिअर पिणं. दोघांत एक बाटली हे बरं माप. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे आणि अशा बाटलीने ती सहज ओलांडली जाऊ शकते. लोकल आहे, टॅक्सी आहे.

तुमच्या दुसऱ्या बाटलीबद्दल. ती पहिलीच्या शेजारीच होती, म्हणजे तिचीही तीच दशा असणार. आणखी ठेवून ती सुधारणार नाही. पण फेकूही नका. आधी फ्रीजमध्ये उभी करून दोन दिवस गाळ खाली बसू द्या आणि वर सांगितलं तसं १०० मिली ओतून बघा. कधी कधी पुठ्ठा फक्त थंड असताना वर येतो आणि दहा मिनिटांनी सुक्या अंजिराखाली दबतो. तसं झालं तर प्या. नाही झालं तर मंद आचेवर मटण शिजवताना घाला. पुठ्ठ्याचा वास उरलाच तर तो मसाल्यात हरवतो आणि माल्टचा गोडवा रस्श्याला उपयोगी पडतो. उकळून आटवू नका, कडवटपणा दाटतो.

पुढच्या खेपेला मेव्हण्यांना दोनऐवजी तीन सारख्या बाटल्या आणायला सांगा. सामानात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, त्यात त्या आरामात बसतात. बाटली तपकिरी काचेची हवी, हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून उजेड हॉप्स खराब करतो. घरी आल्या की सरळ फ्रीजमध्ये, खालच्या खणात, मागे, उभ्या. दारात नको, तिथे दिवसभर गरम-गार होत राहतं. पावसाळ्यात झाकणांना गंज चढतो, तेव्हा झाकणावर प्लास्टिक गुंडाळून रबर लावा. फ्रीजच्या चार अंशांत त्या तळघरापेक्षा हळू मुरतील, पण बिघडणार नाहीत, आणि मुंबईत माझं मत नेहमी या बाजूला. वाइनसाठीचा छोटा फ्रीज घरात असेल तर तो बारा अंशांवर लावा, मग प्रश्नच मिटला. पहिली बाटली लगेच उघडा आणि काय लागलं ते चार ओळींत लिहून ठेवा. दुसरी वर्षाने, तिसरी त्याच्या दोन वर्षांनी, तोच ग्लास, तेवढंच माप. टॅपरूममध्ये पुन्हा गेलात तर मागवण्याआधी दोन घोटांचा नमुना मागा, तो हातात धरून पाच मिनिटं कोमट होऊ द्या, मग ठरवा. आणि बिअर किती घनतेला थांबवली, हे तिथल्या ब्रूअरला जरूर विचारा. उत्तर १.०२० च्या खाली आलं तर ग्लास मागवायला हरकत नाही.